विश्लेषण : लष्करी आघाडीत लहान राष्ट्रांना वजन कशामुळे येते? अंबरनाथचा शिलालेख, आंग्र्यांचे आरमार आणि डेन्मार्क

जून २०२५ मध्ये हेग येथील शिखर परिषदेत ‘नाटो’च्या सदस्य देशांनी एक मोठा आकडा मान्य केला. २०३५ पर्यंत प्रत्येकाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्के रक्कम संरक्षणाकडे वळवायची, त्यापैकी साडेतीन टक्के थेट लष्करावर आणि दीड टक्का पूल, बंदरे, सायबर सुरक्षा यांसारख्या पूरक गोष्टींवर. स्पेनने कुरकुर केली. बाल्टिक किनाऱ्यावरच्या चिमुकल्या देशांनी मात्र त्याच वर्षी पाच टक्क्यांच्या पुढची तयारी जाहीर करून टाकली होती. ज्यांची तिजोरी लहान, तेच सर्वांत आधी हात सैल सोडतात, असे का? आणि त्याच वर्षी, आघाडीतला सर्वांत आज्ञाधारक समजला गेलेला डेन्मार्क आपल्याच आघाडीच्या म्होरक्यापासून ग्रीनलँड वाचवण्याच्या खटपटीत का होता? हे प्रश्न ब्रसेल्सचे वाटतात. पण त्यांची जुनी उत्तरे कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यात आणि खाली कोकण किनाऱ्यावर पडलेली आहेत.

अंबरनाथचा शिलालेख काय सांगतो?

अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्यात शिलाहार राजा मांवाणि याचा उल्लेख ‘महामंडलेश्वर’ असा येतो. आज ऐकायला हे बिरुद भारदस्त वाटते. प्रत्यक्षात ते मांडलिकाचे बिरुद आहे. उत्तर कोकणचे शिलाहार सुमारे इ. स. ८०० पासून राष्ट्रकूटांचे सामंत होते. कान्हेरीच्या लेण्यांतील त्यांच्या काळच्या लेखांत आधी सम्राट अमोघवर्षाचे नाव येते आणि मग कोकणच्या राजाचे. ठाण्याच्या खाडीवरची बंदरे, तिथली जकात आणि समुद्राकडची पहारेदारी हे या राज्याचे भांडवल. त्या बदल्यात सम्राटाकडून मिळायचा तो दर्जा. ‘समधिगतपंचमहाशब्द’, म्हणजे पाच मंगलवाद्ये आपल्यापुढे वाजवून घेण्याचा अधिकार ज्याला प्राप्त झाला आहे असा, हे विशेषण शिलाहार आपल्या ताम्रपटांत न विसरता कोरतात. आपण किती वाद्ये वाजवायची हे दुसऱ्याने ठरवायचे आणि त्याचाच अभिमान मिरवायचा, यात मांडलिकत्वाचे सारे व्याकरण आले.

गंमत पुढे आहे. इ. स. ९७३ च्या सुमारास चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे साम्राज्य बुडवले. म्हणजे शिलाहार मोकळे झाले. पण अपराजित या शिलाहार राजाचा ९९७ चा भादाण ताम्रपट (भादाण भिवंडीजवळचे) काय करतो? तो गेलेल्या राष्ट्रकूटांबद्दल हळहळतो. चोवीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेल्या धन्याची वंशावळ तो आपल्या दानपत्रात आणतो. याला निव्वळ स्वामिनिष्ठा म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या आघाडीत आपले स्थान ठरलेले होते ती आघाडीच गेली, तर लहान सत्तेला स्वतःची ओळख नव्याने बेतावी लागते. नवा धनी तेच स्थान देईल याची हमी नसते.

पंचमहाशब्दांचे पुढे काय झाले?

वाद्यांच्या जागी तोफा आल्या. ब्रिटिश अमलात संस्थानिकाची पत त्याला मिळणाऱ्या सलामीच्या तोफांवरून ओळखली जायची. ग्वाल्हेर आणि बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, जंजिऱ्याला ११, सावंतवाडीला ९. ज्यांना एकही नाही अशी दक्षिण महाराष्ट्रातली संस्थाने वेगळीच. पहिल्या महायुद्धात संस्थानिकांनी माणसे, घोडे, पैसा आणि इस्पितळे दिली. सावंतवाडीचे बापूसाहेब महाराज स्वतः मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेले. युद्धानंतर अनेकांच्या सलाम्यांत एक-दोन तोफांची वाढ झाली. रक्ताचा हिशेब तोफांच्या आवाजात चुकता करण्याची ही रीत साम्राज्याला स्वस्तात पडत होती, कारण वाढीव तोफेने संस्थानाच्या कारभारावरचा पोलिटिकल एजंटचा वरचष्मा तसूभरही कमी होत नव्हता.

पाच टक्के, दोन टक्के हे आजचे आकडे काहीसे त्याच जातीचे आहेत. मोठ्याने मोजपट्टी ठरवायची आणि लहानांनी तिच्यावर उंच दिसण्याची धडपड करायची. अर्थात फरकही आहे. एस्टोनियाने वाढवलेल्या खर्चातून तोफा खरोखरच येतात आणि त्या एस्टोनियाच्याच राहतात.

मग लहान देश नेमके काय देऊन वजन मिळवतात?

सगळ्यात जुना मार्ग रक्ताचा. १८५५ मध्ये इटलीतल्या पीडमाँट-सार्डिनिया या राज्याने क्रिमियन युद्धात सैन्य धाडले. त्या युद्धात त्याचे स्वतःचे काहीही अडकले नव्हते. अडकली होती ती १८५६ च्या पॅरिस तहाच्या टेबलाभोवतीची एक खुर्ची, आणि पंतप्रधान काव्हूरने ती मिळवली. इटलीचा प्रश्न त्याने मोठ्या सत्तांसमोर ठेवला तो तिथेच.

एस्टोनियाने हाच मार्ग धरला, पण जास्त हिशेबाने. या देशाची लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या घरात, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्राच्या जवळपास. २००४ मध्ये ‘नाटो’त आल्यावर त्याने अफगाणिस्तानात सैनिक पाठवले ते सुरक्षित काबूलमध्ये नव्हे, तर ब्रिटिशांबरोबर हेल्मंडमध्ये. त्याचे नऊ सैनिक तिथे मारले गेले. २०१६ मध्ये बाल्टिक देशांत ‘नाटो’ने तुकड्या ठेवायचे ठरवले, तेव्हा एस्टोनियातील तापा येथील तुकडीचे नेतृत्व ब्रिटनने घेतले. दोन्ही सैन्यांची जानपहचान जुनी होती. लंडनमधल्या एखाद्या भाषणाने जे साधले नसते ते एका धुळीच्या खोऱ्यात साधले.

दुसरा मार्ग हुन्नराचा. २००७ मध्ये एस्टोनियाच्या बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठा सायबर हल्ला झाला. दुसऱ्या एखाद्या देशाने ती नामुष्की झाकली असती. एस्टोनियाने ती मांडवात आणून ठेवली आणि २००८ मध्ये ‘नाटो’शी संलग्न सायबर संरक्षण केंद्र टालिनमध्ये उभे केले. आता या विषयावर मोठे देश टालिनला जातात. चेक प्रजासत्ताकाने तर ओळखीपाळखीचे भांडवल केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अध्यक्ष पेत्र पावेल यांनी म्युनिचच्या परिषदेत सांगितले, की युक्रेनसाठी तोफगोळे युरोपाबाहेर उपलब्ध आहेत : १५५ मिमीचे पाच लाख आणि १२२ मिमीचे तीन लाख. पैसा इतरांनी द्यायचा, माल शोधून आणायचे काम चेक लोकांचे. सोव्हिएत काळापासूनच्या शस्त्रव्यापारातील संबंध एरवी संकोचाचा विषय होते, ते इथे उपयोगी आले. दोन टक्क्यांची रेषा गाठायला वर्षानुवर्षे धापा टाकणारा देश काही आठवड्यांत आघाडीच्या चर्चेच्या मध्यभागी आला.

तिसरा मार्ग जागेचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. आइसलँड १९४९ चा संस्थापक सदस्य. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, उल्हासनगरपेक्षाही कमी. सैन्य नाहीच. पण उत्तर अटलांटिकमध्ये सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवायला केफ्लाविकचा तळ लागत होता. या एका तळाच्या जोरावर आइसलँडने मासेमारीच्या हक्कांसाठी ब्रिटनशी, म्हणजे मित्राशीच, १९५८ ते १९७६ दरम्यान तीनदा ‘कॉड युद्ध’ मांडले. तळ बंद करू, आघाडी सोडू अशा धमक्या दिल्या आणि २०० सागरी मैलांची हद्द पदरात पाडून घेतली. ब्रिटिश आरमार हात चोळत परतले. पुढे शीतयुद्ध संपले आणि २००६ मध्ये अमेरिकेने केफ्लाविकमधून आपले सैन्य काढून घेतले. आइसलँडची इच्छा काय, याला आता फारसे महत्त्व उरले नव्हते. भूगोल तोच होता, गरज संपली होती.

जंजिरा इतकी शतके कसा टिकला?

आइसलँडची गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. मुरूडच्या समुद्रातला सिद्दी हा त्याच जातीचा खेळाडू. राज्य एवढेसे, पण किल्ला अजिंक्य आणि आरमार तयार. आधी आदिलशाहीची चाकरी, मग १६७० च्या सुमारास मोगलांची. औरंगजेबाला मराठ्यांविरुद्ध समुद्रावर कोणी तरी हवे होते आणि त्याचे स्वतःचे आरमार नावापुरते होते. ही उणीव सिद्दीने भरून काढली. किताब, सुरतेच्या महसुलातून तनखा आणि वर बादशाही छत्र, असे सारे त्याला मिळाले. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईत उतरून माझगाव घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. कंपनीला औरंगजेबाकडे दयेची याचना करावी लागली, दीड लाख रुपये दंड भरावा लागला, तेव्हा कुठे वेढा उठला.

मोगल खचले, तसा सिद्दीही आक्रसला. बाजीराव-चिमाजींनी १७३० च्या दशकात त्याचा बराच मुलूख काढून घेतला. पण खडकावरचा किल्ला कुणाला मिळाला नाही, आणि किनाऱ्यावर मराठ्यांना तोलून धरणारा कोणी तरी हवा असणारा नवा धनी त्याला इंग्रजांच्या रूपाने मिळत गेला. संस्थान १९४८ पर्यंत टिकले. सिद्दीच्या चिवटपणाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. तो टिकला, कारण दर वेळी त्याच्यापाशी धन्याला न मिळणारी एक वस्तू होती आणि ती त्याने कधीच पूर्णपणे धन्याच्या स्वाधीन केली नाही.

आणि आंग्रे का बुडाले?

कान्होजी आंग्रे सुरुवातीला ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३ मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. त्यांची समजूत काढायला निघालेले बाळाजी विश्वनाथ त्याच प्रकरणातून पेशवे झाले. बाळाजीपंतांनी लढाईऐवजी सौदा केला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानायचे, त्या बदल्यात सरखेल हे पद आणि दहा किल्ले व सोळा ठाणी त्यांच्याकडे कायम. आघाडीत सामील होण्याचा हा मराठी इतिहासातला बहुधा सर्वांत चांगला करार असावा. दोघांनाही एकमेकांची खरोखर गरज होती, आणि दोघांनाही ती कबूल होती.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि घरात भाऊबंदकी सुरू झाली. १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी केली ती वाटणी करूनच. कुलाब्याला मानाजी ‘वजारतमाब’, विजयदुर्गाला संभाजी ‘सरखेल’. एका आरमाराची दोन आरमारे झाली, दोन बिरुदे झाली आणि दोघेही पेशव्यांकडे बघू लागले. पुण्याच्या दृष्टीने हे सोयीचे होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

विजयदुर्गावर संभाजीनंतर आलेला तुळाजी वाकणारा नव्हता. त्याने पेशव्यांना खंडणी नाकारली, त्यांच्या विरोधकांशी संधान ठेवले, शेजारच्या मराठी मुलखालाही उपद्रव दिला. त्याला धडा शिकवायला पुण्याने घरातला मार्ग शोधला नाही. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर कल्याणास राहत. ज्यांच्या नावाने कल्याणचा सुभेदार वाडा ओळखला जातो, तेच हे. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. इंग्रजांनी किल्ला लगेच पेशव्यांच्या हवाली केला नाही. ऑक्टोबरमध्ये नवा तह होऊन, बाणकोट आणि भोवतालची गावे पदरात पडल्यावर, तो सोडला. पुढे धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गाचे आरमार पुन्हा उभे राहिले, इंग्रजी जहाजांशी झुंजलेही. पण कान्होजींच्या वेळी मुंबईकरांना जो धाक वाटत होता, तो परतला नाही.

तुळाजीची बाजू घ्यावी असे फार थोडे आहे. पण आघाडीचा म्होरक्या एका अवघड सदस्याला वठणीवर आणण्यासाठी आघाडीबाहेरच्याला घरात घेतो, तेव्हा जळणाऱ्या गलबतांत त्याचीही गलबते असतात. पुण्यात हे त्या वेळी किती जणांच्या ध्यानात आले असेल? छेचाळीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, पेशव्यानेच वसईला तैनाती फौजेच्या तहावर सही केली. सहा पलटणी इंग्रजांच्या आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख पेशव्यांचा. परराष्ट्र व्यवहारही इंग्रजांच्या संमतीने. आता लहान सदस्य तो होता.

डेन्मार्कची अवस्था आंग्र्यांसारखी आहे का?

पूर्णपणे नाही, पण साम्य बोचरे आहे. डेन्मार्कने दोन्ही टोके अनुभवली आहेत. शीतयुद्धात तो कुरकुर्‍या सदस्य होता. शांततेच्या काळात आपल्या भूमीवर परकी फौज आणि अण्वस्त्रे नकोत ही त्याची अट. १९८० च्या दशकात तर संसदेतील बहुमताने सरकारला ‘नाटो’च्या निवेदनांखाली असहमतीच्या तळटीपा जोडायला लावल्या. तरी कोणी त्याला बाहेरची वाट दाखवली नाही, कारण १९५१ च्या करारान्वये ग्रीनलँडमध्ये अमेरिकेचा थुले तळ होता. खर्चाची उणीव जागा भरून काढत होती.

१९९० नंतर त्याने नेमका उलटा मार्ग धरला. बोस्नियात रणगाडे पाठवले. इराकमध्ये अमेरिकेबरोबर गेला. अफगाणिस्तानात ४३ सैनिक गमावले. साठ लाखांच्या देशाला हे प्रमाण फार मोठे आहे. त्याचे माजी पंतप्रधान आनर्स फो रासमुसेन २००९ ते २०१४ ‘नाटो’चे सरचिटणीस झाले. कोपनहेगनमध्ये समज अशी होती, की वॉशिंग्टनच्या वहीत आपल्या नावावर भरपूर जमा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना ग्रीनलँडसाठी लष्करी बळ वापरणार नाही असे आश्वासन द्याल का, असे विचारले गेले. त्यांनी ते दिले नाही. वहीतली जमा कामाला आली नाही. आणि कटू योगायोग असा, की पूर्वी डेन्मार्कला वजन देणारी जागाच आता त्याच्या अडचणीचे कारण झाली. मोठ्याला जी वस्तू फार हवीशी वाटते, ती भाड्याने घेण्याऐवजी मालकीची का करू नये, असे त्याच्या मनात कधीही येऊ शकते.

इथे डॅनिश धोरणकर्त्यांची एक चूक दिसते. त्यांनी रक्ताची सारी गुंतवणूक एकाच खात्यात केली. एस्टोनियाने ब्रिटनशी, उत्तर युरोपशी, युरोपीय संघाशी वेगवेगळे धागे विणले. डेन्मार्क मात्र १९९३ पासून युरोपीय संघाच्या संरक्षण धोरणातून बाहेर राहिला होता. त्यात तो सामील झाला २०२२ च्या सार्वमतानंतर, युक्रेनवर आक्रमण झाल्यावर.

मग नकाराधिकाराचे काय?

‘नाटो’त मतदान होत नाही, सर्वसंमती लागते. म्हणजे कागदावर लक्झेंबर्ग आणि अमेरिका समान. आंग्रे, सिद्दी किंवा सावंतवाडीकर यांच्यापाशी असे काही नव्हते, आणि हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही. वसईच्या तहातल्या पलटणी आणि तापा येथील ब्रिटिश तुकडी यांत हाच फरक आहे. एस्टोनियाने ती मागितली, आणि ती ठेवण्याच्या निर्णयात त्याचे मत मोजले गेले. पण नकाराधिकार वापरून दाखवतो तो बहुतेकदा मध्यम ताकदीचा सदस्य. ग्रीसने अडवल्यामुळे मॅसेडोनियाला नाव बदलून ‘उत्तर मॅसेडोनिया’ व्हावे लागले, तेव्हा कुठे २०२० मध्ये प्रवेश मिळाला. तुर्कस्तान आणि हंगेरी यांनी स्वीडनला मार्च २०२४ पर्यंत ताटकळत ठेवले. अगदी लहान देशाने असा हट्ट धरला तर संकटाच्या वेळी कोणी धावून येईल का, ही धास्ती त्याच्या नकाराला आधीच गिळून टाकते. दाराबाहेरच्यांची तर बातच वेगळी. जॉर्जियाने सदस्य नसताना अफगाणिस्तानात मोठ्या प्रमाणावर सैनिक पाठवले. २००८ च्या बुखारेस्ट परिषदेतील ‘पुढे कधी तरी सदस्य व्हाल’ हे वाक्य अजून वाक्यच आहे.

अंबरनाथ पश्चिमेतून हे कसे दिसते?

भारत कोणत्याही लष्करी आघाडीत नाही, त्यामुळे हा विषय आपल्याकडे प्रेक्षकाच्या खुर्चीतून पाहिला जातो. पण अंबरनाथ पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीच्या वसाहतींत राहिलेल्या कुटुंबांना यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. काडतुसासाठी लागणारे पितळ इथे तयार होते, काडतूस दुसरीकडे पूर्ण होते. परेडमध्ये दिसते ती तोफ, पितळाची पट्टी कोणाला दिसत नाही. ती वेळेवर पोहोचली नाही की पुढच्या कारखान्याचे काम अडते, आणि तेव्हाच अंबरनाथला फोन येतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेली, तर मशीन टूल प्रोटोटाइप आवडीच्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. एकाच गावातले दोन शेजारी कारखाने दोन वेगळ्या धन्यांचे झाले. तेव्हापासून कामगारांच्या बोलण्यात एकच विचारणा असते : ऑर्डर किती आहे? तोच माल बाहेर कमी दरात मिळू लागला तर काय, ही शंका त्या प्रश्नामागे असते. टालिन आणि कोपनहेगनमध्ये सध्या हेच विचारले जात आहे, फक्त तिथे त्याला सामरिक धोरण म्हणतात.